बोया, दोरी आणि समुद्रातले रान

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, सॅन डिएगोच्या ला होया किनाऱ्यासमोर, पाण्याखाली एक रान उभे आहे. जायंट केल्प हे त्या रानातले झाड. शास्त्राच्या हिशेबाने ते तपकिरी शेवाळ, पण त्याची उंची पाहिली की शेवाळ म्हणायला जीभ वळत नाही. तळाच्या खडकाला जटांनी घट्ट धरून ते वर चढते, अनुकूल दिवसांत दिवसाकाठी ६० सेंटिमीटरपर्यंत वाढते, आणि पृष्ठभाग गाठला की आडवे पसरून पाण्यावर छप्पर धरते. ४५ मीटरपर्यंत लांबीचे दांडे त्यात सापडतात. प्रत्येक पात्याच्या देठाशी वायूने भरलेला एक छोटा फुगा असतो. अशा असंख्य फुग्यांच्या जोरावर ते उभे राहते. आपल्या कोकणच्या पाण्यात केल्प येत नाही, त्याला थंड पाणी लागते. मालवणच्या खडकांवर सरगॅसम दिसते, त्यालाही असेच फुगे असतात, पण त्यात माणूस हरवत नाही.

केल्पच्या या रानात व्हाइट सीबास येतो. हा मासा आपल्या घोळीच्या कुळातला. पाण्याखाली तो घुमतो, आणि सरावलेल्या पाणबुड्याला तो दिसण्याआधी ऐकू येतो. त्याच्या मागावर जाणारे पाणबुडे पाठीवर हवेची टाकी घेत नाहीत. एका दमात खाली जायचे, दांड्यांच्या आडोशाला स्थिर राहायचे आणि स्पिअरगनमधून भाला सोडायचा. भाला लागला की पंचवीस-तीस किलोंचा मासा सरळ रानात घुसतो, दोन दांड्यांमधून जातो, तिसऱ्याला वळसा घालतो, आणि भाल्याला बांधलेली दोरी त्या दांड्यांना करकचून आवळली जाते. वर जाणाऱ्या पाणबुड्याचा दम संपत आलेला असतो, खाली मासा धडपडत असतो, आणि मधली दोरी आता नेमकी कुणाला धरून आहे हे सांगता येत नाही.

केल्पमधल्या शिकारीचे सामान निवडायचे म्हणजे मुख्यतः ही दोरी निवडायची. ती किती लांब असावी, किती गुळगुळीत असावी, तिचे दुसरे टोक कशाला बांधावे, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे वेळ आली तर ती सुटावी कशी. आज दुकानात नारिंगी बोया आणि त्याला जोडलेली प्लास्टिकच्या नळीची दोरी तयार मिळते. पण तिचे कूळ शोधत गेले की आपण कॅलिफोर्नियापासून खूप दूर, बर्फाच्या काठावर जाऊन पोचतो.

सुमारे हजार वर्षांपूर्वी थुले संस्कृतीचे लोक अलास्काकडून पूर्वेला सरकत ग्रीनलँडपर्यंत पसरले. आजचे इन्युइट त्यांचे वंशज. त्यांच्या कयाकवर, शिकाऱ्याच्या पाठीमागे, सीलच्या अखंड कातड्याचा फुगवलेला एक फुगा असे. त्याला अवातक म्हणत. शिकाऱ्याच्या पुढ्यात कातडी दोराचे वेटोळे, एका टोकाला हार्पून, दुसऱ्या टोकाला हा फुगा. हार्पूनचे टोक दांड्यापासून सुटून जनावराच्या कातडीखाली जाई आणि दोराला ताण बसताच आडवे फिरे, म्हणजे बटण जसे काजातून गेल्यावर आडवे होते तसे. मग फुगा पाण्यात फेकायचा. जनावर बुडी मारू पाहते तेव्हा तो फुगा त्याला वर खेचतो, त्याची दमछाक करतो, आणि ते कुठे आहे हे दाखवत राहतो. मेल्यावर त्याला बुडूही देत नाही. ओढ, खूण आणि तरंगणे अशी तिन्ही कामे एकाच वस्तूने साधली. आजच्या शिकारी बोयाकडूनही याच तीन अपेक्षा असतात, आणि मोठ्या माशांसाठी वापरले जाणारे सुटे टोक आजही कातडीखाली तसेच आडवे फिरते. साहित्य बदलले, कल्पना तीच राहिली.

या कल्पनेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दोराचे टोक फुग्याला बांधलेले असे, माणसाला किंवा कयाकला नाही. अरुंद होडीत बसलेल्या माणसाने वॉलरसला बांधलेला दोर स्वतःकडे ठेवला असता तर पहिल्याच हिसक्याला तो उलटला असता. दोराच्या वेटोळ्यात हात किंवा वल्हे अडकण्याची धास्ती त्यांना कायम होतीच. माणसाने दोरातून बाहेर राहायचे, हा धडा तिथे शिकला गेला.

अलास्कापासून किनाऱ्याने दक्षिणेला उतरले की आजच्या अमेरिकेच्या वायव्य टोकाला, निआ बेमध्ये, मकाह लोक भेटतात. ते देवदाराच्या लांब होड्यांतून देवमाशाची शिकार करत. त्यांच्या हार्पूनचे पाते मोठ्या शिंपल्याचे, काटे हाडाचे किंवा शिंगाचे. दोराचा पहिला भाग देवमाशाच्या स्नायूतंतूंचा आणि पुढचा सीडरच्या फांद्या पिळून केलेला. त्या दोरावर सीलच्या कातड्याचे फुगे अंतराअंतराने बांधलेले असत. ओझेट नावाचे त्यांचे एक गाव काही शतकांपूर्वी चिखलाच्या दरडीखाली गाडले गेले. १९७० साली वादळाने तो चिखल वाहून गेल्यावर रिचर्ड डॉगर्टी यांच्या देखरेखीखाली अकरा वर्षे उत्खनन चालले आणि ५५ हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. लाकूड, दोर, टोपल्या अशा एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू चिखलाने जपून ठेवल्या होत्या.

आणि याच लोकांनी केल्पचीच दोरी केली. या भागात जायंट केल्पबरोबर बुल केल्प वाढते. त्याचा दांडा एकच, लांबलचक, एका हंगामात ३० मीटरपर्यंत जाणारा, आणि वरच्या टोकाला एकच मोठा पोकळ गोळा. त्या गोळ्यातल्या वायूत कार्बन मोनॉक्साइडही असतो, ही गोष्ट वाचली तेव्हा मी चकित झालो. मकाह, हैदा, नू-चा-नुल्थ या लोकांनी या दांड्याचा निमुळता भाग गोड्या पाण्यात भिजवून, ताणून, एकापुढे एक गाठी मारून हॅलिबट माशासाठी खोल सोडायच्या दोऱ्या बनवल्या. जे रान आजच्या पाणबुड्याची दोरी अडकवते, त्याच रानाने एकेकाळी दोरी पुरवली.

कुळाची दुसरी शाखा आशियातली, आणि ती शिकारीपेक्षा वेचणीची आहे. कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो स्त्रिया एका दमात बुडी मारून शिंपले, शंख, समुद्री शैवाल गोळा करतात. त्यांच्यासोबत तेवाक असतो. हा मुळात वाळवलेला भोपळा, आणि त्याखाली लटकवलेली जाळीची पिशवी. वर आले की भोपळ्यावर छाती टेकून दम घ्यायचा, माल जाळीत टाकायचा, पुन्हा खाली जायचे. भीमा-कृष्णेकाठी भोपळे बांधून पोहायला शिकलेल्या आणि सांगडीवरून नदी ओलांडलेल्या पिढ्यांना हे साधन लगेच ओळखता आले असते. १९६० नंतर भोपळ्याची जागा स्टायरोफोमने घेतली. हेन्योंच्या या परंपरेला २०१६ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. त्यांच्या हत्यारांत माशासाठी एक छोटा भालाही असतो, आणि त्या ज्या पाण्यात उतरतात तिथेही केल्पच्याच कुळातले शैवाल माजलेले असते.

जपानच्या इसे-शिमा भागातल्या आमा स्त्रियांच्या दोन पद्धती आहेत. किनाऱ्यावरून एकटी जाणारी आमा लाकडी घमेल्यासारखी टोपली तरंगत ठेवते आणि दोरीने ती कमरेला बांधते. होडीतून जाणारी आमा वजन धरून झपकन खाली जाते. तिच्या कमरेच्या दोराचे टोक होडीतल्या माणसाच्या हातात, बहुधा नवऱ्याच्या. दोर हिसडला की त्याने खेचायचे. इथे दोर माणसाला बांधलेला आहे, आणि ते चालते, कारण दुसऱ्या टोकाला जागे लक्ष आहे आणि खाली पळणारा मासा नाही. दोर एकच, पण तो अंगाला बांधावा की नाही हे दुसऱ्या टोकाला काय आहे त्यावर ठरते. पुढे कॅलिफोर्नियात या दोन्ही शाखांची सरमिसळ झाली आणि हा फरक काही काळ विसरला गेला, असे माझे मत आहे.

१९३३ साली सॅन डिएगोत बॉटम स्क्रॅचर्स नावाचे पाणबुड्यांचे मंडळ निघाले. ग्लेन ऑर, जॅक प्रोडानोविच आणि बेन स्टोन हे त्याचे पहिले सभासद. प्रवेशाची परीक्षा अशी, की एका दमात ३० फुटांवरून तीन अबॅलोनी, म्हणजे खडकाला चिकटणारे मोठे शंख, वर आणायचे आणि एक शार्क शेपटीला धरून आणायचा. वेटसूट नव्हते, ह्यू ब्रॅडनर यांनी निओप्रीनचा सूट सुचवला तो १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. पायातले फिनही सुरुवातीला नव्हते. ओवेन चर्चिल यांनी ते अमेरिकेत विकायला काढले १९४० मध्ये. चष्मे घरी केलेले, भाले घरी घडवलेले. प्रोडानोविच आणि पुढे आलेला वॉली पॉट्स या दोघांनी आपल्या घरच्या कारखान्यात स्पिअरगन घडवल्या. १९४९ च्या मे महिन्यात ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने या मंडळींवर लेख छापला आणि देशभर त्यांची ओळख झाली.

त्या काळातला कॅलिफोर्नियाचा बोया म्हणजे मोटारीच्या टायरची आतली ट्यूब. तिच्या पोटात तागाचे पोते किंवा जाळी ताणून बसवायची, झाला तेवाक. अबॅलोनी, लॉबस्टर, मासे त्यात टाकायचे, आणि दमलो की हात टेकायचे. ट्यूबला बांधलेली दोरी साधी, सुती किंवा मनिलाची. अबॅलोनी कुठे पळत नाही, त्यामुळे दोरीने काय करायचे हा प्रश्न फारसा नव्हता. ट्यूब केल्पच्या छपरात खोचून ठेवली तरी ती जागची हलत नसे. प्रश्न आला तो स्पिअरगनबरोबर. आता दोरीच्या टोकाला पळणारा मासा होता. जायंट सीबास नावाचा मासा तर अडीचशे किलोंपर्यंत वाढतो. अशा जनावराला बांधलेली दोरी हातात ठेवायची की कमरेला की ट्यूबला, हे प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवले. (त्या माशाच्या मागे माणसे इतकी लागली की कॅलिफोर्नियाने १९८२ मध्ये त्याची शिकारच बंद केली.)

दोरीचे खरे रूप बदलले ते रसायनशास्त्राने. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास. मनिलाचा धागा त्याहून जड. नायलॉन मजबूत, पण त्याची घनता १.१४, म्हणजे तोही बुडतो. बुडणारी दोरी केल्पच्या दांड्यांमध्ये लोंबकळते आणि प्रत्येक पात्यात गुंतते. १९५४ मध्ये इटलीत जुलिओ नात्ता यांनी पॉलिप्रोपिलीन तयार केले आणि काही वर्षांत त्याचे दोर बाजारात आले. त्याची घनता ०.९ च्या जवळ, ते तरंगते. आपल्या मच्छीमार बंदरांवर दिसणारे निळे-पिवळे दोर याच जातीचे. पुढे डायनीमा आणि स्पेक्ट्रा या नावांनी अतिमजबूत पॉलिथिलीनचे धागे आले, घनता ०.९७, बारीक असूनही प्रचंड ताण सोसणारे. मग कुणीतरी असा बारीक धागा गुळगुळीत प्लास्टिक नळीच्या पोटात ओवला. नळीत हवा राहते म्हणून ती तरंगते, गुळगुळीत असते म्हणून पानांतून सरकते, जाड असते म्हणून हाताला कापत नाही आणि तिला सहसा गाठ बसत नाही. माझ्या मते या सगळ्या वंशावळीत अवातकनंतरचा सर्वांत शहाणा बदल हाच.

खुल्या समुद्रातल्या शिकाऱ्यांनी दरम्यान वेगळी वाट धरली होती. ट्यूना, मार्लिन यांच्यासाठी त्यांनी दोरी बंदुकीपासूनच तोडली. भाला सुटला की बंदूक हातात राहते आणि भाल्यामागे थेट बोयाची दोरी धावते, मध्ये ताणणाऱ्या रबराचा तुकडा, शेवटी एकामागून एक दोन-तीन बोये. १९८२ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटाजवळ टेरी मास यांनी ३९८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८० किलोंचा, ब्लूफिन ट्यूना मिळवला. त्यांच्या १९९५ च्या पुस्तकातून ही पद्धत जगभर पोचली. ही पद्धत म्हणजे पुन्हा कयाकवरचा फुगाच: माणूस बाहेर, जनावर बोयाला. आपल्या शेजारी गुजरातच्या वेरावळ किनाऱ्यावरही २००१ पर्यंत व्हेल शार्कला आकड्याने पिंपे बांधून दमवत, आणि त्या वर्षी कायद्याने तो मासा संरक्षित झाला. पिंप, कातडी फुगा, नारिंगी बोया, सगळे एकाच घरातले.

पण खुल्या समुद्राची ही व्यवस्था केल्पमध्ये जशीच्या तशी नेली तर घात होतो. तीस मीटर दोरी पाठीमागे ओढत रानात शिरणारा पाणबुडा प्रत्येक वळणावर रानाला एक विळखा घालत जातो. ताणणारे रबर खुल्या पाण्यात माशाला दमवते. इथे ते दांड्यांभोवती ताणून बसते आणि दांडा तुटला की सपकन मागे येते. गोल फुगीर बोया छपरात रुततो. अनुभवी लोक म्हणून दोन वाटांपैकी एक निवडतात.

रानाच्या कडेला, जिथे दांडे विरळ आहेत आणि मासा निळ्या पाण्याकडे पळण्याची शक्यता जास्त, तिथे लांबट, निमुळता बोया आणि गुळगुळीत नळीची आखूड दोरी, पाण्याच्या खोलीपेक्षा थोडीच जास्त. तिच्यावर गाठ नको, बाहेर आलेला आकडा नको, अर्धवट सुटलेला टेप नको. पान अडकायला तेवढी फट पुरते. दोरीचे टोक बंदुकीच्या मुठीला. बंदूक सोडली की माणूस मोकळा.

दाट रानात मात्र बोया बरोबर न्यायचाच नाही. तो कडेला केल्पच्या चार दांड्यांना अडकवून ठेवायचा, आणि बंदुकीवर रीळ लावायचे, त्यात ४०-५० मीटर बारीक मजबूत दोरी. मासा पळाला की रीळ सुटते, पाणबुडा बंदूक हातात धरून वर येतो, दोरी सुटत राहते. वर दोन-चार मिनिटे नीट श्वास घ्यायचा. मग दोरीच्या मागाने खाली जाऊन मासा कुठे आवळला गेला ते पाहायचे, सुरीने एकेक दांडा कापायचा किंवा दुमडून मोडायचा; केल्प ओढल्याने तुटत नाही, पण कडकन दुमडल्यावर मोडते. एका बुडीत काम होत नसेल तर सोडून वर यायचे. या टप्प्यावर माणसे दगावतात. मासा दिसतो आहे, फक्त एक दांडा उरला आहे, असे वाटत राहते आणि दम संपतो. उथळ पाण्यात वर येताना फुप्फुसांतला ऑक्सिजनचा दाब झपाट्याने उतरतो आणि पृष्ठभागाच्या अगदी जवळ शुद्ध हरपते. म्हणून वर एक जोडीदार हवाच. एकजण खाली, एकजण वर, आणि वरचा खालच्याकडे पाहत.

बोयाचे आणखी एक काम विसाव्या शतकात जोडले गेले. होड्या वेगवान झाल्या आणि पाण्याखालच्या माणसाला वरच्या पंख्याची भीती निर्माण झाली. मिशिगनमधल्या डेन्झेल डॉकरी यांनी १९५६ मध्ये लाल कापडावर पांढरा तिरपा पट्टा असलेला झेंडा केला. तो बोयावर लागला तेव्हापासून बोया होडीवाल्यांनाही सांगू लागला, की इथे माणूस आहे. ज्या फुग्याने आधी जनावर कुठे आहे हे दाखवले, तो आता माणूस कुठे आहे हे दाखवतो.

रान स्वतःच आता सुरक्षित नाही. २०१३ पासून तारामासे रोगाने मेले, २०१४ ते २०१६ मध्ये समुद्र तापला, तारामासे नसल्याने त्यांचे भक्ष्य असलेल्या, केल्प खाणाऱ्या जांभळ्या समुद्री अर्चिन माजल्या, आणि उत्तर कॅलिफोर्नियातले ९० टक्क्यांहून अधिक बुल केल्प नाहीसे झाले. खायला केल्प न उरल्याने अबॅलोनी उपाशी मेले, आणि २०१८ पासून तिथली अबॅलोनीची हौशी वेचणी बंद आहे. ट्यूब आणि पोते घेऊन पाण्यात उतरणाऱ्यांची एक अख्खी परंपरा त्याबरोबर थांबली. दक्षिणेचे जायंट केल्प काही ठिकाणी टिकून आहे, काही ठिकाणी विरळ झाले आहे. मला वाटते, यापुढे या खेळात उतरणाऱ्याने सामानाइतकेच रानाचेही ज्ञान ठेवले पाहिजे.

तिकडे राहणाऱ्या एखाद्या मराठी वाचकाला हा नाद लागला असेल, तर आधी दम रोखून बुडी मारण्याचे रीतसर शिक्षण घ्या आणि जोडीदार शोधा. मासेमारीचा परवाना काढा. व्हाइट सीबास २८ इंचांपेक्षा लहान असेल तर त्याला हात लावू नका, जायंट सीबासला तर कधीच नाही, आणि संरक्षित क्षेत्रांचा नकाशा जवळ ठेवा. मग दुकानात जा. तिथे दोरी किती किलोंची ओढ सोसते हे नंतर विचारा. ती एका हाताने, न पाहता, हातमोजा घालून सुटते का, हे आधी करून पाहा.